मुकुटाविना युवराज

जुने ऐतिहासिक नाटक उचलून पुढच्या काळात नेऊन ठेवायचे, राजाचा उद्योगपती आणि दरबाराचे कार्यालय करायचे, हा खेळ आज पुष्कळ जण खेळतात. आवडत्या कलाकृतीतील पात्रे घेऊन चाहते जे स्वतःचे लेखन करतात, त्याला ‘फॅन फिक्शन’ असे नाव पडले आहे. शेक्सपिअरचा युवराज हॅलही त्यातून सुटलेला नाही. अशा लेखनाकडे पाहून नाक मुरडण्याचा अधिकार निदान शेक्सपिअरच्या भक्तांना नाही. १४०३ साली श्रूझबरीच्या लढाईत पडलेला हॉटस्पर हा हॅलच्या वडिलांपेक्षाही वयाने मोठा होता. नाटककाराने त्याला खुशाल हॅलचा समवयस्क करून टाकले!

मला छळणारा प्रश्न निराळा आहे. काळ बदलला, तरी पात्राच्या पापपुण्याचा हिशेब तोच राहतो काय?

‘हेन्री चौथा’ या दोन भागांच्या नाटकात हॅल गुत्त्यात सर जॉन फॉलस्टाफच्या संगतीत दिवस घालवतो. लठ्ठ, लबाड, पण विलक्षण हजरजबाबी असा हा म्हातारा त्याला दुसऱ्या पित्यासारखा. वडील वारतात, हॅल राजा होतो आणि आनंदाने धावत आलेल्या फॉलस्टाफला सर्वांदेखत ओळख नाकारतो. त्याच्या निर्वाहाची सोय लावून देतो, मात्र दहा मैलांच्या आत फिरकू नये अशी ताकीदही देतो. पुढे ‘हेन्री पाचवा’मध्ये म्हाताऱ्याच्या मरणाची वार्ता येते, तेव्हा त्याचे सोबती राजालाच दोष देतात.

राजाच्या बाजूने बोलण्याजोगे पुष्कळ आहे. सैन्यभरतीचा अधिकार हाती येताच फॉलस्टाफने ऐपतदारांकडून पैसे घेऊन त्यांना सोडले आणि त्यांच्या जागी दीनदुबळ्यांना लढाईवर नेले. दीडशेंपैकी तिघेही धड वाचले नाहीत. असा माणूस राजाच्या कानाशी लागला असता, तर प्रजेचे काय झाले असते?

आता १९९१चा ‘माय ओन प्रायव्हेट आयडाहो’ हा गस व्हॅन सँट यांचा चित्रपट पाहा. हॅल येथे अमेरिकेतील पोर्टलंड शहराच्या महापौराचा मुलगा स्कॉट झाला आहे आणि फॉलस्टाफ झाला आहे बॉब, रस्त्यावर देह विकून जगणाऱ्या पोरांचा म्होरक्या. एकविसाव्या वर्षी स्कॉटला वारसा मिळतो. तो बॉबकडे पाठ फिरवतो. त्याच रात्री बॉब मरतो.

येथे राज्य नाही, प्रजा नाही, भरतीत मेलेले दीडशे जणही नाहीत. आहे ती केवळ संपत्ती. मुकुट गेला आणि त्यासोबत युवराजाची सबबही गेली. मात्र फॉलस्टाफचा खरा अपराधही त्याच वाटेने निसटला, हे विसरून चालणार नाही. काळ बदलणाऱ्या लेखकाने त्या दीडशे जणांना कोठे ठेवले, हे मी प्रथम पाहतो. त्यांना वगळून म्हाताऱ्याला केवळ गोजिरवाणा करणे, ही मला लबाडी वाटते.

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना कृती आणि हेतू वेगवेगळे तपासण्याची सवय लागते. त्या सवयीने पाहता हॅलचा दोष अखेरच्या नकारात नाहीच. पहिल्याच अंकात तो प्रेक्षकांना विश्वासात घेऊन सांगतो, की ही संगत आपण एके दिवशी टाकणार आहोत आणि त्या पार्श्वभूमीवर आपले तेज अधिक खुलणार आहे. म्हणजे मित्र हे आरंभापासून साधन! राजवस्त्रांच्या झगमगाटात हे बोलणे दूरदृष्टीचे वाटते. स्कॉट जवळजवळ तेच बोलतो, तेव्हा मात्र अंगावर काटा येतो. पाप दोघांचे एकच. पोर्टलंडच्या रस्त्यावर ते उघडे पडले, इतकेच.

म्हणूनच अखेरीस दोघांची दिलजमाई घडवणाऱ्या कथा मला अपुऱ्या वाटतात. क्षमा कशाची मागायची, हे त्या हॅलला अजून उमगलेलेच नसते.

व्हॅन सँट ती घाई करत नाहीत. महापौराची आणि बॉबची प्रेतयात्रा ते एकाच दफनभूमीत आणतात. एकीकडे काळ्या पोशाखातील शिस्त, दुसरीकडे बॉबच्या पोरांचा आरडाओरडा. स्कॉट शिस्तीच्या बाजूला बसून आहे आणि पलीकडे पाहतो आहे.