सव्वादोन कोटींचा गुडघा

माणसाची किंमत पैशात करू नये, असं आम्हांला शाळेत शिकवलं. पुढे मी बँकेत चिकटलो, आणि ज्या मास्तरांनी हे शिकवलं त्यांची पेन्शन माझ्याच खिडकीतून जाऊ लागली, तेव्हा ते असं का म्हणत असत याचा उलगडा झाला. तरी तत्त्व म्हणून मी ते मानत होतो. मी कॉमर्सचा पदवीधर. ज्या गोष्टीचा भाव ठरत नाही तिला आमच्या शास्त्रात ‘गुडविल’ म्हणतात, आणि ताळेबंदात एका ओळीत बसवून पुढे सरकतात.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग कबड्डीवाल्यांनी घोटाळा केला.

२०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली, तेव्हा पहिल्या लिलावातला सर्वांत महाग गडी होता राकेश कुमार. पाटणा पायरेट्सनी त्याला १२ लाख ८० हजारांना घेतलं. हा आकडा माणसात बसणारा होता. एवढ्यात एक बरा ट्रॅक्टर येतो, त्यामुळे आमच्या शहापूर-मुरबाडकडच्या माणसाला तो लगेच समजला. आठच वर्षांनी, ऑगस्ट २०२२ मध्ये, तमिळ थलायवाज या संघाने पवन सेहरावत या चढाईपटूसाठी २ कोटी २६ लाख मोजले. कोटी हा शब्द आमच्याकडे समृद्धी महामार्गात जमीन गेलेल्यांच्याच तोंडी ऐकू येतो. आणि त्यांचीसुद्धा जमीन जावी लागली होती. हा नुसता दम धरून पलीकडे जाऊन यायचे एवढे घेत होता.

आता कोणी म्हणेल, क्रिकेटवाले काय कमी देतात? नोव्हेंबर २०२४ मध्ये लखनौने ऋषभ पंतला २७ कोटींना नेलं. खरं आहे. पण लखनौच्या थैलीत १२० कोटी होते. सत्तावीस म्हणजे त्याचा पाव हिस्सासुद्धा नव्हे. कबड्डीत त्या हंगामाला एका संघाने सगळ्या खेळाडूंवर मिळून खर्च करायची मर्यादाच होती ४ कोटी ४० लाख. म्हणजे एकट्या पवनला निम्म्याहून जास्त, आणि उरलेल्यात बाकीचा अख्खा संघ. घरात सात माणसं जेवायला बसावीत आणि निम्मी भाकरीची टोपली एकाच्याच पुढ्यात ठेवावी, तशातला प्रकार. तो घरातला कर्ता असेलही. पण जेवताना बाकीच्यांनी बघायचं कुठे?

हा प्रश्न हिशेबाचा की नीतीचा, यावर मी बराच विचार केला. शहापूरहून किन्हवली-सरळगाव करत मुरबाडला एस.टी.ने नोकरीला जाणाऱ्या माणसाला विचार करायला वेळ भरपूर मिळतो. बसायला जागा मिळतेच असं नाही.

हिशेबाचं आधी सांगतो, तो माझा प्रांत. बँकेने एकाच कर्जदाराच्या पदरात किती टाकावं, यावर रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे: टियर-१ भांडवलाच्या २० टक्के. अगदीच अडलं तर संचालक मंडळ आणखी पाच टक्के सैल सोडू शकतं. त्यापुढे नाही. कर्जदार देवमाणूस असला तरी नाही, कारण देवमाणसालाही ताप येतो. एवढ्या एका वाक्यावर अख्खं बँकिंग उभं आहे, बाकीचं स्टेशनरी.

कबड्डीत ताप आला नाही, गुडघा आला. ऑक्टोबर २०२२, संघाचा हंगामातला पहिलाच सामना, त्यात पवनच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि गडी हंगामभर बाहेर. मला त्या पोराचं मनापासून वाईट वाटलं. पण माझ्यातला कॉमर्सवाला गप्प बसेना. घसाऱ्याच्या आम्ही दोन पद्धती शिकलो होतो, एक सरळ रेषेची आणि दुसरी घटत्या शिलकीची. पहिल्याच दिवशी संपूर्ण घसारा, ही तिसरी पद्धत आमच्या पुस्तकात नव्हती.

खरी गंमत पुढेच आहे. हा संघ २०१७ पासून खेळत होता आणि बाद फेरीचं तोंड त्याने पाहिलं नव्हतं. तो त्या वर्षी पवनवाचून थेट उपांत्य फेरीत पोचला! नरेंदर नावाच्या नवख्या पोराने चढायांत २४३ गुण काढले. पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सनी पवनला २ कोटी ६० लाख ५० हजार दिले. तेव्हा मर्यादा ५ कोटींची झाली होती, म्हणजे पुन्हा निम्म्याच्या वर. या खेपेला गुडघा धड होता. पवन खेळला, जिवाच्या करारावर खेळला, आणि संघ बावीस सामन्यांपैकी दोन जिंकून तळाला बसला.

हे सगळं मी आमच्या शाखेतल्या शिपाईमामांना सांगितलं. मामा तरुणपणी डावा कोपरा खेळत. मातीत, अनवाणी, आणि बक्षीस म्हणून मिळालेली स्टीलची कळशी त्यांच्या घरी अजून पाण्याला आहे. ते म्हणाले, “भाऊ, तुम्ही खेळलेले नाय म्हणून तुम्हांला नवल वाटतं. रेडर आउट झाला का कुठं बसतो?”

“बाहेर.”

“बाहेर. मग त्याला आत कोण आणतो? त्याला लाख द्या नायतर करोड द्या, आम्ही समोरच्याचा पाय धरू तेव्हा तो उठणार.”

वाचकहो, एवढी वर्षं मी कबड्डी बघतो, पण या खेळाच्या पोटात एवढं तत्त्वज्ञान आहे हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. क्रिकेटमध्ये बाद झालेला माणूस तंबूत जातो तो गेलाच. फुटबॉलमध्ये लाल पत्ता दिसला की घरी. कबड्डीत मात्र मेलेला माणूस जिवंत होतो, पण स्वतःच्या पुण्याईने नाही. दुसऱ्याने गुण मिळवला तर. दोन कोटींचा धनी बाकावर बसलेला असतो, आणि त्याच्या पुनर्जन्माचा अर्ज दहा लाखवाल्या कोपऱ्याच्या हातात असतो. उलटही खरं. चढाईवाल्याने दोन गडी मारले की बाकावरचे दोन कोपरेही उठतात. कोणी कोणाला उठवलं याचा निव्वळ हिशेब करायला बसलं तर रात्र पुरणार नाही.

मी मनाशी निकाल लावून टाकला: एकाला एवढं देऊ नये. इतक्यात आमच्या हेडकॅशियर बाईंनी नोटांचं बंडल बाजूला ठेवलं. बाई एरवी कबड्डीवर बोलत नाहीत, पण पगारावर बोलतात.

“आपल्याकडे काय आहे?” त्या म्हणाल्या. “द्विपक्षीय करार. जो पेन्शनच्या तारखेला दोनशे म्हातारे हसतमुखाने वाटेला लावतो त्याला तेवढंच, आणि जो दुपारी अडीचला ‘सर्व्हर डाउन’ची पाटी लावून डबा उघडतो त्यालाही तेवढंच. हा तुमचा न्याय?”

मी त्या वेळी डबा उघडत होतो. तो हळूच मिटला.

बाईंचं म्हणणं खोडून काढणं सोपं नव्हतं. शिवाय आम्ही साठीपर्यंत खुर्चीवर बसणार. गुडघा गेला तर खुर्ची थोडी पुढे ओढायची. चढाईवाल्याचं आयुष्य आठ-दहा हंगामांचं. चंदगडकडच्या सिद्धार्थ देसाईचं बघा. २०१८ साली यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतलं, २०१९ मध्ये तेलुगू टायटन्सनी १ कोटी ४५ लाखांना. मग दुखापत. २०२२ मध्ये तोच संघ, तोच सिद्धार्थ, भाव २० लाख. आणि २०२३ मध्ये हरयाणा स्टीलर्सकडे पुन्हा एक कोटी! आता भाव हीच माणसाची लायकी म्हणावी, तर या पोराने मधल्या वर्षी सव्वा कोटीची लायकी कुठे विसरली होती? आणि भाव नि लायकी वेगळी म्हणावी, तर भाव वर असताना त्याने चार पैसे गाठीला का बांधू नयेत? त्याने हात आखडावा असं सांगण्याचा अधिकार मला दिसत नाही. मला पाच टक्के महागाईभत्ता जास्त मिळाला तर मी तो परत करत नाही.

म्हणजे घेणाऱ्याला दोष नाही. मग देणाऱ्याला द्यावा? इथे मात्र माझं वाणिज्य उपयोगी पडलं. लिलावात हातोडा पडतो, टाळ्या होतात, आणि सगळ्यांना वाटतं, वा, शेठ काय दिलदार! पण शेठच्या खिशातून एक पैसा जास्त गेलेला नसतो. मर्यादा पाच कोटी. दोन एकाला द्या नाहीतर दहा जणांना वाटा, शेठचे पाच ते पाचच. दिलदारी उरलेल्या पोरांच्या वाटणीतून झालेली असते, आणि टाळ्या शेठला.

हे मी मामांना सांगितल्यावर त्यांना ते एकदम पटलं. त्यांचं म्हणणं, म्हशाच्या जत्रेतला दलाल यापेक्षा सरळ. पौषी पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हशाला गुरांचा मोठा बाजार भरतो. तिथे बैल घेणारा दात बघतो, खूर बघतो, शेपटी ओढून बघतो, आणि शेवटी एक प्रश्न हमखास विचारतो: याच्या जोडीला कोण? एका बैलावर सगळे पैसे घालवून दुसऱ्या बाजूला जोखडाखाली स्वतः उभं राहायची पाळी येऊ नये, एवढी अक्कल तिथे बाळगतात.

“मग पुणेरी पलटणचं काय?” बाईंनी पुन्हा तोंड घातलं. बाईंना कबड्डीतलं काही कळत नाही, हा माझा समज तिथे संपला. २०२३ च्या लिलावात पुण्याने मोहम्मदरेझा शादलुई या इराणी गड्याला २ कोटी ३५ लाख दिले, आणि १ मार्च २०२४ ला अंतिम सामना जिंकला. पुढच्या हंगामात हरयाणाने त्यालाच २ कोटी ७ लाखांना नेलं, आणि करंडक हरयाणाला गेला. मग एकावर उधळणं चूक कसं?

मामांचा चेहरा मात्र उजळला. कारण शादलुई चढाईवाला नव्हे, डावा कोपरा! “बघा! शेवटी पाय धरनाऱ्याला कोणीतरी दिलं!” म्हणून त्यांनी सगळ्या शाखेला चहा पाजला. तत्त्वाच्या बाजूने लढणारा माणूस आपल्या जागेवरच्या खेळाडूला पैसे मिळाले की कसा विरघळतो, हे पाहून मला बरंच शिकायला मिळालं.

पण पुण्याचं गणित जमलं ते कशामुळे? तिथे नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार कप्तान होता, आणि आसपास संघाने स्वतः वाढवलेली पोरं होती. इराण्याच्या मानाने त्यांचा पगार किरकोळ. पोरं स्वस्तात खेळली म्हणून थैलीत जागा झाली, आणि त्या जागेत शादलुई बसला. हे शहाणपण होतं यात शंका नाही. न्यायही होता का, हे मला त्या पोरांना विचारायला आवडेल. पण करंडक हातात असताना असलं कोणी विचारत नाही.

“आणि थैलीचं तोंड कोणी बांधलं हो?” बाई म्हणाल्या. “पाच कोटींची मर्यादा काय आकाशातून पडली? ती ठरवताना दोन कोटीवाला नव्हता आणि दहा लाखवालाही नव्हता. तुम्ही दोघांना एकमेकांशी भांडायला लावलंत. हे आपल्या वरच्या ऑफिसासारखं झालं.” एवढं बोलून त्यांनी नोटा मोजायला घेतल्या. त्यावर मला उत्तर सुचलं नाही, आणि पुढचं गिऱ्हाईक खिडकीशी आल्यामुळे सुचायची गरजही राहिली नाही.

हा सगळा वाद मुरबाड तालुक्यातल्या एका गावात गेल्या उन्हाळ्यात मी उघड्या मैदानावर बघितला. गावाने वर्गणी काढून बाहेरून एक चढाईवाला आणला होता: पाच हजार रोख, येण्याजाण्याचं भाडं आणि कोंबडी. गावच्या सहा पोरांना टी-शर्ट. अंतिम सामन्यात पाहुणा तिसऱ्या मिनिटाला बाद झाला आणि बाकावर बसला तो बसलाच. शेवटी गावच्या डाव्या कोपऱ्याने, सकाळी दूध घालून आलेल्या पोराने, समोरच्याचा घोटा असा धरला की धुरळा खाली बसेपर्यंत कोण कोणावर पडलंय ते कळेना. पाहुणा उठला, त्याने पुढच्या चढाईत तीन गडी मारले, आणि भोंग्यावरून त्याच्या नावाने पाचशे एक, पाचशे एक, एक हजार एक असा पुकारा सुरू झाला.

सामना जिंकल्यावर वाटणीवरून तोंडातोंडी झाली. पाहुणा म्हणे, माझं नाव पुकारलं. पोरं म्हणत, तुला उठवला कोणी? पंच म्हणून मामांना बोलावलं. मामांनी दोन्ही बाजू ऐकल्या. ठरलेले पाच हजार पाहुण्याच्या हातात मोजून दिले, कारण शब्द तो शब्द. भोंग्यावरच्या पैशांचे सात सारखे वाटे केले. मग पातेल्याचं झाकण काढलं आणि दोन्ही तंगड्या कोपऱ्याच्या ताटात वाढल्या.

पाहुण्याने थोडा वेळ वाट बघितली. मग अदबीने विचारलं, “मामा, रस्सा तरी?”

“रस्सा हाय की,” मामा म्हणाले, “रश्श्याला मर्यादा नाय.”