सेवा कोणाच्या हातून?

गुरुचरित्राच्या दुसऱ्या अध्यायातला दीपक आपणा सर्वांना ठाऊक आहे. काशीत त्याने वेदधर्म गुरूंची २१ वर्षे सेवा केली. तोच आदर्श धरून मी ८८ वर्षांच्या आईसाठी बाई ठेवायला नाही म्हणत होतो. लोक काय म्हणतील, हेही होतंच. एका पहाटे तिला बाथरूमला नेताना माझा गुडघा वळला, दोघंही पडलो. दत्तकृपेने हाड मोडलं नाही. मग हिशेब मांडला (बँकेतली सवय!). दीपक काही ६७ वर्षांचा नव्हता. आणि आईला काय हवंय, हे मी कधी विचारलंच नव्हतं. विचारलं, तर म्हणाली, "अरे, मुलाच्या हातून अंघोळ करायची लाज वाटते रे. किती दिवस सांगणार होते."

आता सकाळी मावशी येतात. एकमुखी दत्ताचं दर्शन घेऊन मी परततो, तोवर आईची वेणी झालेली असते. पोथी मात्र मीच वाचतो.