वाकायचं कोणी?

१९३७ साली अठरा वर्षांचा एक कृश तरुण म्हैसूरहून पुण्याला आला. मराठी येत नव्हतं, खिशात पैसा नव्हता, गावात ओळखीचं कोणी नव्हतं. जन्म इन्फ्लुएन्झाच्या साथीतला. लहानपण मलेरिया, विषमज्वर आणि क्षय यांच्याशी झगडण्यात गेलेलं. गुरूंनी त्याला डेक्कन जिमखान्यावर योगासनं शिकवायला पाठवलं होतं, तेही सहा महिन्यांच्या बोलीवर. शिकायला येणारी कॉलेजची मुलं त्याच्याहून धडधाकट. पोटभर जेवायला मिळेलच, याची रोज खात्री नसे. परक्या गावात असे दिवस काढणारा हा तरुण म्हणजे बी. के. एस. अय्यंगार. २०१४ साली त्यांचं निधन झालं, तेव्हा ते पुण्याचेच होऊन गेले होते.

अय्यंगार स्वतः अवघडातली अवघड आसनं लीलया करत. पण दुसऱ्याला शिकवताना त्यांनी वीट, दोर, खुर्ची, लोड, घडी घातलेलं ब्लँकेट अशा साध्या वस्तू हाताशी घेतल्या. ज्याला वाकता येत नाही, तो त्रिकोणासनात हात जमिनीला टेकवायला धडपडतो. त्या धडपडीत छाती मिटते, मान आखडते, श्वास कोंडतो. पायाशेजारी वीट उभी ठेवली, की हाताला आधार मिळतो, बरगड्या मोकळ्या होतात, श्वास खाली पोटापर्यंत पोचतो. आसन तेच राहतं. जमीन तेवढी वर आलेली असते. १९७५ साली पुण्यात पत्नीच्या नावानं त्यांनी संस्था उभी केली, तिथे दुखणाईतांसाठी वेगळे वर्ग भरू लागले. अमेरिकेतले मॅथ्यू सॅनफर्ड तेराव्या वर्षी मोटार अपघातात छातीपासून खाली लुळे पडले. तेही पुढे याच परंपरेत शिकले आणि चाकाच्या खुर्चीत बसून इतरांना शिकवू लागले.

गुडघा वाकत नाही, हे शिक्षकाला दिसतं. पोटासाठी किंवा जिवाच्या भीतीनं देश सोडून आलेल्या माणसाची अडचण अशी दिसत नाही. हॉटेलात रात्रपाळीला भांडी घासणारा, परक्या म्हाताऱ्यांची शुश्रूषा करून कंबर धरलेली बाई, युद्धातून निसटलेलं कुटुंब, नातवंडं सांभाळायला मुलाकडे परदेशी गेलेले आपले आजी-आजोबा. मोठ्या शहरातल्या चकचकीत योगवर्गाचं दार यांच्यासाठी बंद नसतं. पण तिथली फी, तिथली वेळ, तिथली भाषा आणि भिंतीभर लावलेले आरसे पाहून हे लोक बाहेरूनच परततात.

म्हणून काही शिक्षक वर्गच त्यांच्याजवळ नेतात. वाचनालयाचा हॉल, चर्च किंवा गुरुद्वाऱ्याची मोकळी खोली त्यांना पुरते. पाळी सुटल्यावर येता येईल अशी वेळ ठरते. फी ज्याला जमेल तेवढी, नाही जमली तरी जागा आहेच. शिक्षिका थोडं बोलते आणि जास्त करून दाखवते. साडी, सलवार, हिजाब, सगळं चालतं. मूल सोबत आणलं, तर तेही बाजूला खेळतं. ज्यांना खाली बसता येत नाही, ते खुर्चीवर बसून हात वर घेतात, आणि त्यांचा हात कुणी कमी लेखत नाही.

ज्यांनी मारहाण, तुरुंग किंवा युद्ध सोसलं आहे, त्यांच्याशी आणखी जपून वागावं लागतं. अमेरिकेत बॉस्टनजवळ बेसेल व्हॅन डर कोल्क आणि डेव्हिड इमर्सन यांनी अशांसाठी योगाची एक पद्धत घडवली. तिच्यात हुकूम नसतो. ‘जमेल असं वाटलं तर हात वर घेऊन पाहा,’ एवढंच सांगतात. अंगाला हात लावत नाहीत. शवासनात डोळे मिटायचे की उघडे ठेवायचे, भिंतीला टेकून दाराकडे बघत बसायचं की आडवं व्हायचं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. जुन्या आघातातून सावरू न शकलेल्या ६४ स्त्रियांवर त्यांनी केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा आठवड्यांच्या योगानंतर सुमारे निम्म्या जणी आघातातून जडलेल्या मानसिक आजाराच्या निकषात बसेनाशा झाल्या; ज्यांना योगाऐवजी आरोग्याची माहिती दिली होती, त्यांच्यात हे प्रमाण साधारण पाचात एक होतं. ज्यांच्या शरीरावर दुसऱ्यांनी सत्ता गाजवली, त्यांना स्वतःच्या हातापायांचा निर्णय पुन्हा स्वतः घेता येतो, ही मला यातली सगळ्यांत मोठी गोष्ट वाटते.

योगानं कुणाला नागरिकत्व मिळत नाही, घरभाडं भरलं जात नाही, मालकाची अरेरावी थांबत नाही. त्यासाठी कायदा हवा, संघटना हवी. पण दिवसभर ज्याला कुणी नावानं हाक मारत नाही, त्याला तासभर कुणीतरी विचारतं, ‘आज कंबर कशी आहे?’ आणि उत्तर येईपर्यंत थांबतं. त्या थांबण्यातून ओळख होते, आणि परक्या गावात माणूस ओळखीवरच उभा राहतो.

आपल्याकडेही सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी वर्ग भरतो. त्याच वेळी जिन्यावर फरशी पुसणारी ताई असते, फाटकावर दुसऱ्या राज्यातून आलेला वॉचमन असतो. वर्ग चालवणाऱ्यानं आज एवढंच बघावं, की आपल्या वर्गात कोण येत नाही आणि का येत नाही. मग जाऊन त्यालाच विचारावं, तुला कोणती वेळ सोयीची? शरीर आपापल्या सवडीनं वाकेल; त्याआधी वर्गानं वाकायला हवं.