घराची मुदत

मे संपत आला की कोकणात आगोटीची धांदल सुरू होते. सुके बोंबील, जवळा, सोडे, कुळीथ, आमसुलं, कांद्याच्या माळा आणि वर्षाचा मसाला घरात येऊन पडतो. मीठ पाझरतं म्हणून त्याची वेगळी सोय होते. लाकूडफाटा आणि शेणी कोरड्या जागी रचल्या जातात, पडवीला झडी बांधल्या जातात, कौलं परतली जातात. आज बरणीत मावेल एवढीच आगोट भरणारी घरं वाढली आहेत, पण आगोटीचे बाजार अजून भरतात. या सगळ्या खटाटोपामागे एक साधा हिशेब होता. होड्या किनाऱ्यावर ओढल्या की नारळी पौर्णिमेपर्यंत दर्या बंद, आणि नदीला पूर आला की पलीकडचं गाव परदेशाइतकं लांब. म्हणजे किती दिवस घराच्या जिवावर काढायचे, हे घरातल्या बाईला मृगाआधीच ठाऊक असायचं. संकट मोठं होतं, पण त्याला मुदत होती.

आताच्या संकटांची अडचण ही की त्यांची तारीख कॅलेंडरात नसते आणि मुदतही नसते. २४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता टाळेबंदीची घोषणा झाली आणि मध्यरात्री ती लागू झाली. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. चार तासांत ज्याला जे सुचलं ते त्याने आणलं. कुणी पिठाच्या पिशव्या, कुणी नूडल्सची पाकिटं, आणि सणाचा चक्का आणायला गेलेलेही थोडे नव्हते. एकवीस दिवस म्हणून सुरू झालेला तो प्रकार पुढे किती लांबला, ते सगळ्यांनी भोगलं आहे. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. घराबाहेर पडू नका, असं अडीच महिने ऐकत आलेल्या लोकांच्या डोक्यावरचं छप्परच उडालं. कित्येक गावांत वीज परत यायला आठवडे लागले. ऑक्टोबरच्या १२ तारखेला सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या, आणि उंच इमारतीतल्या माणसांना आपण जमिनीपासून किती वर राहतो ते पायऱ्या चढताना कळलं.

शहरातलं घर एका अर्थाने घर राहिलेलं नाही, ते पुरवठ्याचं शेवटचं टोक झालं आहे. धान्याची कणगी गेली, मग डबे लहान झाले, आणि आता तर कोथिंबिरीची जुडी दहा मिनिटांत दारात येते म्हणून फ्रीजही अर्धा रिकामा असतो. आपलं कोठार आपण दुसऱ्याच्या गोदामात हलवलं. रोजच्या जगण्याला ही सोय उत्तम आहे, तिला नावं ठेवायचं कारण नाही. फक्त हे घर बाहेरून काहीही न येता किती काळ चालेल, हा प्रश्न आपण स्वतःला विचारेनासे झालो. बहुतेक सदनिकांचं खरं उत्तर दोन दिवसांच्या आत येईल, असा माझा अंदाज आहे.

जुन्या बेगमीचे गोडवे गाताना हात थोडा आखडता घ्यावा, हेही खरं. साठवायला जागा लागते आणि आगाऊ पैसा लागतो. ज्यांच्याकडे दोन्ही नव्हतं त्यांच्यासाठी पावसाळा म्हणजे उपासाचे महिने होते. आदिवासी कुटुंबांसाठी सरकारला खावटी कर्जाची योजना आणावी लागली ती याच महिन्यांसाठी. टाळेबंदीत दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं पाळीपाळीने झोपत होती आणि हजारो मजूर नाशिक महामार्गाने चालत निघाले होते. घरी थांबा हा सल्ला ऐकण्यासाठी आधी थांबता येईल असं घर लागतं. शिवाय बेगमीचं सगळं ओझं घरातल्या बाईच्या पाठीवर होतं. काय, कुठे, किती, कधीपर्यंत पुरेल याची यादी तिच्या डोक्यात असायची. ती आजारी पडली की घराची तयारीच आजारी पडायची. नवी तयारी करायची तर ही यादी भिंतीवर यायला हवी आणि ती घरातल्या प्रत्येकाला वाचता यायला हवी.

धान्याचं आपल्याकडे फार बोललं जातं. खिचडीपुरते डाळतांदूळ बहुतेक घरांत निघतातच. माझ्या मते घराची मुदत ठरवतं ते पाणी. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूरला पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळ ५५ फुटांची पातळी ओलांडली. तिथे ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका मानतात. शहराला पाणी उपसून देणारी केंद्रंच पुरात बुडाली, त्यामुळे ज्यांच्या दारात पुराचं पाणी कधी येणारच नव्हतं अशा उंचावरच्या पेठांतही नळ कोरडे पडले. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला होता, तेव्हा बाहेरून काही येणंही अवघड. चहूकडे पाणी आणि घागर रिकामी, हे दृश्य २०२१ मध्ये पुन्हा दिसलं.

पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज चार लिटर धरले तर चौघांच्या घराला तीन दिवसांसाठी पन्नास लिटरच्या आत-बाहेर पाणी लागतं. हे जमण्यासारखं आहे. दोन-तीन झाकणाचे कॅन, आठवड्याला बदललेले, एवढंच. अडतं ते वेगळ्या ठिकाणी, आणि त्याविषयी शिष्टाचारापोटी कुणी बोलत नाही. एका फ्लशला सहा ते दहा लिटर जातात. वीज गेली की पंप बंद, गच्चीवरची टाकी दिवसभरात रिकामी, आणि पुराचं पाणी आवारात शिरलं की जमिनीखालच्या टाकीत गटार मिसळलेलं. उपाशी माणूस एक दिवस काढतो, पण संडासात पाणी नसलेलं घर संध्याकाळपर्यंत नकोसं होतं. म्हणून पाऊस लागून राहिला की पिंप, बादल्या, कुकरसुद्धा भरून ठेवावा. ज्यांच्या आजीने हे सांगितलं आणि ज्यांनी ते हसण्यावारी नेलं, त्यांनी आजीला मनातल्या मनात नमस्कार करावा. तुरटी फिरवल्याने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. त्यासाठी पाणी उकळायला हवं किंवा मेडिक्लोरचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाकायला हवेत.

औषधांचं थोडक्यात सांगतो. रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी संपायला दोन आठवडे उरले असताना नवी आणावी, शेवटची पट्टी उघडल्यावर नाही. वीज गेली तर इन्शुलिन पिशवीत घट्ट बांधून ओल्या मडक्यात ठेवता येतं. खेड्यापाड्यांतले डॉक्टर हे कित्येक वर्षं सांगत आले आहेत. टॉर्च, पॉवर बँक, सेलवर चालणारा रेडिओ आणि थोडी रोख रक्कमही हवी. वीज गेली की काही तासांनी मोबाइलचे मनोरेही गप्प होतात आणि मग खिशातल्या क्यूआर कोडला कुणी दूध देत नाही.

आता या सगळ्या सामानाच्या याद्या ज्या प्रश्नावर येऊन अडखळतात तो प्रश्न: थांबायचं कुठपर्यंत? सांगलीत पुराची भाषा फुटांत बोलली जाते. आयर्विन पुलाजवळ ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका. कोणत्या आकड्याला कोणत्या गल्लीत पाणी शिरतं, हे तिथल्या पोरांनाही तोंडपाठ असतं. हे ज्ञान मोठं आहे, पण २०१९ ला त्यानेच घात केला. २००५ ला पाणी आमच्या पायरीपर्यंत आलं होतं, तेव्हा यंदाही तिथपर्यंतच येईल, या भरवशावर अनेक घरं थांबली. घरात दाणापाणी होतं, गोठ्यात जनावरं होती, माळ्यावर संसार चढवलेला होता. पाणी ५७ फुटांच्याही पुढे गेलं. मग बाहेर पडायचं ठरलं ते रस्ता बुडाल्यावर आणि नावेशिवाय गत्यंतर नसताना. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला माणसांनी भरलेली नाव उलटली आणि त्यात बायका-मुलांसह अनेकांचे जीव गेले. त्यांना दोष देण्याचा अधिकार कोरड्या जागी बसलेल्या कुणालाही नाही. जनावरं मागे सोडून जा, असं शेतकऱ्याला सांगणं म्हणजे त्याची पुढची पाच वर्षं सोडून जा म्हणण्यासारखं आहे. तिथे तयारी म्हणजे चाऱ्यासह जनावरं हलवायची जागा आधी ठरलेली असणं, आणि ती जबाबदारी एकट्या घराची नव्हे.

माझा मुद्दा एवढाच की भरलेलं घर माणसाला धीर देतं आणि तोच धीर त्याला उशीर करायला लावतो. पंधरा दिवसांचं धान्य असलेलं घर पाणी चढू लागल्यावर पंधरा मिनिटांतही निरुपयोगी ठरू शकतं. जुलै २०२१ मध्ये चिपळूणमध्ये पहाटे जाग आलेल्यांना याचा अनुभव आहे. तेव्हा घरात राहायची तयारी करताना त्याच कागदावर घर सोडायची खूणही लिहावी. नदीची पातळी अमुक फूट झाली की निघायचं. ती खूण उन्हाळ्यात, डोकं थंड असताना ठरवावी, कारण पावसात घरातला सर्वात हट्टी माणूस निर्णय घेतो. मागचा पूर ही किमान पातळी धरावी, कमाल नव्हे.

याच्या नेमकं उलट डोंबिवली, तारापूर, लोटे, महाड अशा रासायनिक कारखान्यांच्या शेजारी. वायुगळती झाली तर रस्त्यावर धावणं हाच मोठा धोका. १९८४ ला भोपाळमध्ये पळत सुटलेल्यांच्या छातीत तो वायू अधिक गेला. तोंडावर ओला कपडा धरण्याचा साधा निरोपही वेळेवर त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही. इथे घराची मुदत काही तासांची असते: दारं-खिडक्या बंद, फटींना ओले टॉवेल, पंखे आणि एसी बंद, आणि सांगितल्याखेरीज बाहेर पडायचं नाही. स्फोटाची भीती असेल तर काचांपासून दूर. भूकंपाला यातलं काहीच लागू नाही. हादरा बसतो तेव्हा मजबूत टेबलाखाली आसरा घ्यायचा आणि तो थांबल्यावर भेगाळलेल्या घराबाहेर पडायचं. किल्लारीत १९९३ ला दगड-मातीच्या जाड भिंतीच माणसांवर कोसळल्या. प्रत्येक संकटाला एकच पिशवी आणि एकच यादी पुरेल, हा समज म्हणून धोक्याचा आहे.

एका घराची मुदत वाढवण्याचा सर्वात स्वस्त उपाय भिंतीपलीकडे राहतो. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांना ऑक्सिजनचं यंत्र लागतं, दुसऱ्या मजल्यावरची मुलगी परिचारिका आहे, समोरच्या बंगल्यात विहीर आहे आणि तिला रहाट आहे, ही माहिती गोदामातल्या कुठल्याही वस्तूपेक्षा मोलाची. ती सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर मिळत नाही. तिथे पार्किंगची भांडणं आणि सुप्रभात असतं.

आपल्या गृहनिर्माण संस्थांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. तोवर पाऊस परतीच्या वाटेला लागलेला असतो आणि सभेचा वेळ लिफ्टच्या दुरुस्तीत जातो. तेव्हा पुढच्या मे महिन्यात अर्ध्या तासाची वेगळी सभा बोलवा. वीज नसताना पाणी कसं चढवायचं, कुणाला उचलून खाली आणावं लागेल, आणि पाणी कुठवर आल्यावर सगळ्यांनी निघायचं, एवढ्या तीन गोष्टी ठरवा. ठरलेलं जिन्यात लावा, त्याखाली जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७ हा क्रमांक लिहा, आणि भाडेकरूंनाही सभेला बोलवा.