दान, वर्गणी आणि मूठभर धान्य

दान ही आपल्याकडे फार काळ एकट्याने करावयाची गोष्ट मानली गेली आहे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना देश, काल आणि पात्र ह्या तिहींचा विचार आला आहे. परंतु तो विचार करणारा दाता एकटाच कल्पिलेला आहे. त्याने मनाशी ठरवावे, हातावरून उदक सोडावे आणि दिलेले विसरून जावे. गुप्तदानाला आपण जो मान देतो तोही ह्याच कल्पनेतून आलेला. ह्या मापाने मोजू लागलो तर दहा जणांनी मिळून जमविलेल्या वर्गणीला दान म्हणावे की नाही, असाच प्रश्न पडतो. वर्गणीत नावांची यादी असते, पावती असते, शेजाऱ्याने किती दिले ह्याकडे तिरका डोळा असतो. निरपेक्षपणा तेथे शोधावाच लागतो.

तरीही माझे मत असे आहे की, समाज बांधण्याचे काम थोर मनाच्या एकट्या दात्यापेक्षा ही सामान्य यादीच अधिक करते. ते कसे, हे मात्र जमलेल्या रकमेकडे पाहून कळावयाचे नाही.

कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी १९१९ साली कराडजवळच्या काले ह्या गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली. सर्व जातींची मुले एका छपराखाली राहतील आणि एका पंक्तीस जेवतील, असे वसतिगृह त्यांना चालवावयाचे होते. १९२७ साली महात्मा गांधींनी ते पाहिले आणि त्याला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. पण नाव मिळाले तरी मुलांना रोज दोन वेळा भूक लागतेच. त्यासाठी जे मार्ग काढले गेले त्यांत ‘मूठफंड’ हा मला सर्वांत मोलाचा वाटतो. घरच्या रोजच्या धान्यातून गृहिणीने एक मूठ बाजूला काढून ठेवावी आणि साठलेले धान्य वसतिगृहाकडे जावे, इतकीच ती साधी योजना.

ह्या एका मुठीने काय काय केले, ते पाहण्याजोगे आहे. जिच्या हातात रोख पैसा क्वचितच येई आणि जिच्या नावावर वीतभर जमीन नव्हती, ती शेतकऱ्याची बायको दाती झाली. धान्याच्या कणगीवर तिची सत्ता होती, म्हणून तिच्यापाशी जे होते तेच तिच्याकडे मागितले गेले. पुढे ती मूठ इतर शेकडो मुठींत मिसळली. आपली ज्वारी कोणत्या मुलाच्या ताटात पडली, तो मराठ्याचा की महाराचा की रामोशाचा, हे तिला कळण्याचा मार्गच उरला नाही. एरवी जिने त्या मुलाला कदाचित अंगणाबाहेर उभे केले असते, तिच्याच घरचे अन्न तो खात होता. जे व्याख्यानांनी साधले नसते ते पोत्यात धान्य एकत्र ओतल्याने, काही अंशी तरी, साधले.

आणि त्या मुलाचे काय? एका सावकाराच्या कृपेने जो शिकतो, त्याला त्या वाड्यापुढून जाताना जन्मभर मान लववावी लागते. उपकार करणारा कितीही सज्जन असला तरी हे चुकत नाही. किंबहुना तो जितका सज्जन, तितके ते ओझे अधिक जड. उपकार हजार घरांत वाटला गेला म्हणजे कोणा एकापुढे वाकण्याचे कारण राहत नाही. उरते ते ऋण साऱ्या मुलखाचे. आणि मुलखाचे ऋण फेडावयाचे ते मुलखातल्याच दुसऱ्या कोणासाठी तरी काही करून. सामुदायिक दानाचे खरे बळ मला येथे दिसते.

ह्याच्या आधीचा पैसा फंडही आठवावा. अंताजी दामोदर काळे ह्यांची ती कल्पना. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले. प्रत्येकाने एक पैसा द्यावयाचा. त्या वेळी रुपयाचे पैसे चौसष्ट. तीस कोटी लोकांनी एकेक पैसा दिला असता तर शेहेचाळीस लाखांवर रुपये झाले असते. प्रत्यक्षात जमले ते ह्या गणिताच्या जवळपासही गेले नाही. तरी तेवढ्यातून १९०८ साली तळेगावी काचेचा कारखाना उभा राहिला. गणित चुकले म्हणून योजना फसली असे म्हणणारे हिशेबनीस आपल्यात नेहमीच असतात. पैसा देणाऱ्याला त्या काचेविषयी विचारण्याचा अधिकार प्राप्त झाला, ही जमा ते कोणत्या खात्यात धरतात हे त्यांनाच ठाऊक.

दूर देशी नोकरी करणाऱ्या आपणांस अधिक जवळचे वाटावे असे उदाहरण धोंडो केशव कर्वे ह्यांच्या तरुणपणातील आहे. दापोलीजवळच्या मुरूड गावातून बाहेर पडून पोटामागे लागलेल्या मंडळींनी आपल्या मिळकतीचा अल्पसा अंश गावासाठी द्यावा, म्हणून त्यांनी ‘मुरूड फंड’ सुरू केला. गाव सुटलेल्यांना गावाशी बांधून ठेवणारी ही दोरी.

परंतु दोरी बांधते तशी आवळतेही. एकत्र देणाऱ्यांचे वर्तुळ हे कुंपणही असते. ज्ञातीपुरते फंड आपल्याकडे थोडे झाले नाहीत. त्यांनी अनेक होतकरू मुले शिकविली हे खरे. पण पात्र कोण, ह्या प्रश्नाचे उत्तर तेथे अर्ज वाचण्यापूर्वीच आडनावाने दिलेले असे. परप्रांतांतील आपली महाराष्ट्र मंडळे जेव्हा मदतनिधी काढतात, तेव्हा तो ज्या शहराच्या पाण्यावर आपण वाढलो त्या शहरातल्या अमराठी माणसासाठीही उघडा आहे काय, हे विचारले पाहिजे. मला तरी तो नसल्यास शोभत नाही असे वाटते.

दुसरा धोका आपल्या वाचकवर्गाच्या अगदी शेजारी उभा आहे. वरिष्ठाने यादी पुढे केली की कनिष्ठाचा हात खिशात जातो. त्याला दान म्हणणे हा शब्दाचा अपमान होय. केंद्रीय नागरी सेवेच्या १९६४ च्या आचरण नियमांतील बारावा नियम पूर्वपरवानगीवाचून निधी गोळा करण्यास शासकीय सेवकास मनाई करतो. अनेकांना तो जाचक वाटतो. मला तो त्या पुस्तकातील शहाण्या नियमांपैकी एक वाटतो. जेथे नाही म्हणता येत नाही, तेथे हो म्हणण्याला किंमत नाही.

आज फोनवर बोट टेकविले की अनोळखी रुग्णाच्या उपचारासाठी क्षणात पैसे जातात, आणि अशा लहान रकमांनी जीव वाचतात. त्याला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. परंतु हे देणारे एकमेकांना कधी भेटत नाहीत, कोणाला द्यावे ह्यावर त्यांचा वाद होत नाही. मंडळाच्या सभेत जो वाद होतो, त्याचा आपल्याला कंटाळा येतो. पण दोन अर्जांतून एक निवडताना त्या दोन्ही घरांत कोणीतरी जाऊन आलेले असते, आणि एरवी त्या गल्लीत त्याचे पाऊल पडले नसते.

म्हणून अशा सभेपुरती एक लहानशी सूचना करावीशी वाटते. यादीत नावे असावीत, आकडे नसावेत. आकडे कोषाध्यक्षाच्या वहीत राहावेत आणि हिशेब तपासनिसाने पाहावेत. कोणाला द्यावयाचे हे ठरताना ज्याने वीस रुपये दिले त्याला आधी बोलू द्यावे. साहेबांनी आपले मत सर्वांत शेवटी सांगावे.