‘स्विच बंद आहे’

टायगर मॉथ या प्रशिक्षण विमानाला ब्रेक नव्हते, शेपटीखाली चाकाऐवजी जमीन खरवडत जाणारी पट्टी होती, आणि इंजिन सुरू करायचे तर कोणाला तरी विमानाच्या नाकासमोर उभे राहून लाकडी प्रोपेलर हाताने फिरवावा लागे. हे द्विपंखी विमान, म्हणजे पंखांचे एकावर एक असे दोन थर असलेले विमान, २६ ऑक्टोबर १९३१ रोजी इंग्लंडमध्ये प्रथम उडाले आणि पुढे आठ हजारांहून अधिक संख्येने बांधले गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतीय तरुणांचे प्राथमिक उड्डाण-शिक्षण याच विमानावर होई. त्यासाठीची एक शाळा जोधपूरला होती, तर दुसरी तेव्हाच्या चांदा जिल्ह्याच्या दक्षिण सीमेला भिडलेल्या निजामाच्या राज्यात, हैदराबादजवळच्या बेगमपेठला होती. नावातील वाघामुळे ताडोब्याच्या शेजारी राहणाऱ्या वाचकाच्या मनात भलतेच चित्र उभे राहील. पण विमानाचा निर्माता जेफ्री डी हॅविलंड हा कीटकांचा हौशी अभ्यासक होता आणि ‘टायगर मॉथ’ हे पट्ट्याठिपक्यांच्या एका पतंगवर्गाचे नाव आहे.

या विमानांच्या जमिनीवरील अपघातांचा विचार करताना वादळवारा, खाचखळगे, उतरताना विमानाने नाकावर उलटणे ही कारणे चटकन पुढे येतात आणि ती खरीही आहेत. नीतीच्या दृष्टीने अधिक बोलका आहे तो मात्र प्रोपेलरपाशी घडणारा अपघात, कारण त्याचे मूळ हवामानात नसून रचनेच्या एका जाणीवपूर्वक केलेल्या निवडीत आहे.

अशा इंजिनात ठिणगी पाडण्याचे काम मॅग्नेटो करतो. मॅग्नेटो म्हणजे बॅटरीची गरज नसलेले, इंजिनाच्या फिरण्यातूनच ठिणगीपुरती वीज निर्माण करणारे यंत्र होय. घरातील दिव्याचे बटण बंद केले की वीजमार्ग तुटतो. मॅग्नेटोचा स्विच बंद केला की याच्या नेमके उलट घडते, म्हणजे एक तार जोडली जाते आणि तिच्यावाटे ती वीज विमानाच्या सांगाड्यात वळवून निष्प्रभ केली जाते, ज्याला आपण व्यवहारात अर्थिंग म्हणतो. ही तार कुठे तुटली वा सैल झाली, तर स्विच ‘बंद’ दाखवत असतानाही मॅग्नेटो जिवंतच राहतो, आणि प्रोपेलर हाताने थोडासा हलवला तरी इंजिन अचानक सुरू होऊ शकते. रचना अशी उलटी का केली, याचे उत्तर सरळ आहे: आकाशात एखादी तार तुटली म्हणून इंजिन बंद पडता कामा नये. वैमानिकाचा जीव त्यामुळे अधिक सुरक्षित झाला. मात्र धोका नाहीसा झाला नाही, तो आकाशातून खाली उतरला आणि प्रोपेलरसमोर उभ्या असलेल्या माणसाच्या हातापाशी येऊन थांबला.

ही निवड चुकीची होती असे म्हणता येणार नाही. उडत्या विमानातून कोणी बाजूला होऊ शकत नाही आणि जमिनीवरचा माणूस दोन पावले मागे सरू शकतो, एवढा फरक तिच्या समर्थनाला पुरेसा आहे. तथापि एकाच्या सुरक्षिततेसाठी दुसऱ्याच्या वाट्याला धोका आला, की पहिल्यावर एक ऋण चढते, आणि ते केवळ सद्भावनेने फिटत नाही. टायगर मॉथच्या रचनाकारांना त्याची काहीशी जाणीव असावी, कारण या विमानाचे स्विच वैमानिकाच्या बैठकीच्या आत न ठेवता बाहेरच्या अंगाला, समोर उभ्या माणसाला दिसतील असे बसवलेले होते. वैमानिकाने ‘स्विच बंद’ म्हणावे, समोरच्याने ते उच्चारून परत सांगावे आणि डोळ्यांनी पाहूनही घ्यावे, अशी ती तिहेरी व्यवस्था होती. मात्र त्यातून स्विचची स्थिती कळते, तारेची कळत नाही. म्हणून प्रत्येक प्रोपेलर जिवंत आहे असेच समजावे हा नियम या व्यवसायात रुजला, आणि तो वैमानिकाच्या प्रामाणिकपणावरचा अविश्वास आहे असे कोणीही मानले नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीतील श्रमिकांना हा विचार समजावून सांगावा लागणार नाही. ज्या चंद्रपुरात २९२० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र आहे, तेथून भामरागड-एटापल्लीच्या जंगलापर्यंत पावसाळ्यात खांबावर चढणारा लाइनमन उपकेंद्रातून ‘लाइन बंद’ असल्याचे परमिट मिळाल्यावरही कामाच्या जागी तारांना स्वतः अर्थिंग जोडतो, कारण दूर कोणी चुकून स्विच टाकू शकतो किंवा एखाद्या जनरेटरची वीज उलट दिशेने तारेत येऊ शकते. कोळसा खाणीतील व्यवस्था तर आणखी एक पाऊल पुढची आहे. तेथे सुरुंग उडवण्याच्या यंत्राची काढता येणारी मूठ सुरुंग उडवणाऱ्याच्याच ताब्यात राहते, म्हणजे सुरुंगापाशी जाऊन तारा जोडणारा तो स्वतः असतो आणि यंत्राची किल्लीही त्याच्याच खिशात असते. विमानाच्या बाबतीत हेच साधलेले नव्हते: स्विच एकाच्या हाती आणि हात दुसऱ्याचा पात्यापाशी.

विमानापाशी मात्र या दोन भूमिका एकाच माणसाने उरकायच्या म्हटल्या तर काय होते, हे ३० ऑगस्ट १९५५ रोजी ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या बँक्सटाउन विमानतळावर दिसले. ऑस्टर जातीच्या छोट्या विमानाचे इंजिन उतरल्यावर बंद पडले, शिकाऊ वैमानिकाने खाली उतरून एकट्यानेच प्रोपेलर फिरवला, इंजिन सुरू झाले, आणि ते रिकामे विमान धावत जाऊन स्वतःच हवेत चढले. सुमारे तीन तास ते शहरावर आणि समुद्रावर भटकत राहिले, आणि अखेर नौदलाच्या लढाऊ विमानांनी ते समुद्रावर पाडले. कोणाला इजा झाली नाही, म्हणून ही घटना आजही हसत सांगितली जाते. खाली दाट वस्तीचे शहर होते, ही बाब त्या हसण्यात हरवते.

विमानविद्येच्या इतिहासाची सुरुवातच खरे तर जमिनीवरच्या अपघाताने झाली आहे. १७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंच्या द्विपंखी यंत्राने चार उड्डाणे केली, त्यांतील शेवटचे ५९ सेकंदांचे होते. पण ते यंत्र मोडले ते नंतर, जमिनीवर उभे असताना, वाऱ्याच्या एका झोताने उलटल्यामुळे. त्याला धरून ठेवण्यासाठी धावलेला किनारा-बचाव केंद्राचा कर्मचारी जॉन डॅनियल्स आत अडकून यंत्राबरोबर गडगडला आणि खरचटून बाहेर पडला. त्या दिवशीच्या पहिल्या उड्डाणाचे जगप्रसिद्ध छायाचित्र टिपले गेले तेही याच डॅनियल्सच्या हातून, पण छायाचित्र पाहणाऱ्या लाखोंपैकी फार थोड्यांना त्याचे नाव ठाऊक असते.

महाराष्ट्राचे स्मरणही याहून न्याय्य नाही. टायगर मॉथनंतरच्या पिढीसाठी भारतात आरेखित झालेले एचटी-२ हे धातूचे, पंखांचा एकच थर असलेले प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१ मध्ये बंगळुरूला उडाले. त्याचे आरेखक डॉ. विष्णू माधव घाटगे हे मूळचे कोल्हापूरकडचे, जर्मनीत ग्योटिंगन येथे लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवलेले वायुगतिशास्त्रज्ञ होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चौपाटीवर झाल्याचे सांगितले जाणारे, पण पुराव्याने कधीच सिद्ध न झालेले उड्डाण मराठी घराघरांत माहीत आहे; घाटगे यांच्या विमानावर मात्र कित्येक तुकड्या उडायला शिकल्या, आणि तरी त्यांचे नाव पाठ्यपुस्तकाबाहेरच राहिले. कागद, करवत आणि गणित यांच्यासोबत जमिनीवर राहणाऱ्याला कीर्ती उशिरा गाठते, एवढाच त्याचा अर्थ असेल.

जुनी टायगर मॉथ आता मुख्यतः संग्रहालयांत आणि समारंभांत दिसतात. भारतीय हवाई दलाने दुरुस्त करून घेतलेले असे एक विमान २०१२ च्या हवाई दल दिनी हिंडन येथे उडाले होते. मॅग्नेटो मात्र जुना झालेला नाही. चंद्रपूरजवळच्या मोरवा येथील धावपट्टीवर अलीकडच्या काळात नागपूर फ्लाइंग क्लबचे प्रशिक्षण सुरू झाले आहे, आणि तेथील सेस्नासारख्या विमानांना इंजिन सुरू करण्यासाठी विजेचा स्टार्टर असला तरी ठिणगी मॅग्नेटोचीच असते व तिची अर्थिंगची तारही तशीच उलट्या नियमाने चालते. म्हणून उड्डाण संपवून इंजिन बंद करण्यापूर्वी, ते मंद गतीने फिरत असताना, वैमानिक क्षणभर मॅग्नेटोचा स्विच ‘बंद’कडे नेऊन पाहतो: इंजिन अडखळले तर तार शाबूत आहे, आणि अडखळले नाही तर ती कुठेतरी तुटली आहे, ही खबर कार्यशाळेला लगेच द्यायची असते. या दोन सेकंदांच्या तपासणीचा वैमानिकाला स्वतःला काहीच उपयोग नसतो, कारण त्याचे उड्डाण तोवर संपलेले असते. ती केली जाते सायंकाळी विमान पुसताना किंवा ढकलत आत नेताना प्रोपेलरला हात लावणाऱ्या, आणि त्या वेळी अजून तेथे आलेलाही नसलेल्या माणसासाठी.