मोल आधी सांगावे

अनुवादक, चित्रकार, छायाचित्रकार, संकेतस्थळे बांधणारा असा कुणीही स्वतंत्रपणे काम करू लागला की आपल्या कलेबरोबर त्याला व्यापाराची भाषाही शिकावी लागते. कोटेशन, स्कोप, ॲडव्हान्स, रिव्हिजन, इन्व्हॉइस, रिटेनर हे तिच्यातले काही शब्द. टार्गेट ऑडियन्स, लीड, फनेल, कन्व्हर्जन, अपसेल, पर्सनल ब्रँड हे आणखी काही. नोकरदाराच्या वतीने ही भाषा कंपनीतले दुसरे कुणी बोलते. फ्रीलान्सरला ती स्वतःच्या तोंडाने बोलावी लागते, आणि तिथे अनेकांची जीभ अडखळते. ‘पैशांचं नंतर बघू’, ‘तुम्हाला योग्य वाटेल ते द्या’ ही वाक्ये आपल्याकडे सहज ओठांवर येतात. हा संकोच निव्वळ भिडस्तपणा म्हणून सोडून देण्यासारखा नाही, कारण त्यामागे एक खरीखुरी नैतिक शंका आहे. आपल्या कौशल्याचे मोल आपणच सांगणे, आणि ते विकले जावे म्हणून माणसे गाठणे, हे चांगल्या माणसाला शोभते का? माझ्या मते मोल आधी आणि स्पष्ट सांगणे हे कर्तव्यच आहे. दोष असलाच तर ते टाळण्यात आहे. गिऱ्हाईक मिळवण्याच्या भाषेला मात्र एक कसोटी लावावी लागते. तिच्यातले काही शब्द या कसोटीला उतरतात, काही उतरत नाहीत.

प्रश्न जुना आहे. प्राचीन अथेन्समध्ये सोफिस्ट शिकवण्याचे पैसे घेत आणि सॉक्रेटिस घेत नसे, यावरून बराच वाद झाला. प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात सॉक्रेटिस म्हणतो की फिडियस आणि आणखी दहा शिल्पकार यांच्या कमाईपेक्षा प्रोटॅगोरस या एकट्या सोफिस्टाने जास्त पैसा मिळवला. याच प्रोटॅगोरसची पैसे घेण्याची रीत दुसऱ्या एका संवादात आली आहे. शिष्याने सांगितलेली रक्कम द्यावी. ती जास्त वाटली तर देवळात जाऊन शपथेवर सांगावे की या शिक्षणाचे मोल आपल्याला किती वाटते, आणि तेवढेच द्यावे. ‘योग्य वाटेल ते द्या’ याचेच हे उदात्त रूप वाटते. पण दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. प्रोटॅगोरसने आपला आकडा आधी सांगितलेला असे, आणि कमी देणाऱ्याला देवासमोर शपथ घ्यावी लागे. आपल्या बोलण्यात ना आकडा असतो ना शपथ. ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरील ग्रंथाच्या नवव्या भागात ही रीत नोंदवली, आणि काही लोकांना अशा व्यवहारात आधी ठरलेले वेतनच बरे वाटते, असेही तिथेच म्हटले. त्याच्या कितीतरी आधी हेसिअड या कवीने मित्राशीसुद्धा मजुरी पक्की ठरवावी, असा सल्ला देऊन ठेवला होता. या सल्ल्यात मैत्रीवर अविश्वास नाही, मैत्री टिकावी याची काळजी आहे. आकडा न सांगणारा माणूस उदार दिसतो, पण आपल्या अपेक्षेचा अंदाज बांधण्याचे ओझे तो समोरच्यावर टाकतो. समोरच्याने कमी दिले तर हा मनात नोंद करतो, आणि जास्त दिले तर त्याला फसल्यासारखे वाटत राहते. मनातली अपेक्षा लपवून ठेवलेले औदार्य हे औदार्य नाही. तो एकट्यानेच चालवलेला हिशेब आहे.

यावर आपल्या परंपरेतला सर्वांत वजनदार आक्षेप गीतेचा. कर्मावर अधिकार आहे, फळावर नाही, असे शिकलेल्या माणसाने काम सुरू होण्याआधीच दर सांगावा, ॲडव्हान्स मागावा, हे फळावर डोळा ठेवणे नाही का? गीतेचा उपदेश मनाच्या आसक्तीविषयी आहे, व्यवहारातल्या कराराविषयी नाही. तिच्याच अठराव्या अध्यायात शेती आणि गोरक्षणाच्या जोडीने व्यापाराला स्वभावज कर्म म्हटले आहे, आणि मोल न सांगता व्यापार होत नाही. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या प्रवचनांत फलत्यागाची एक अगदी व्यावहारिक बाजू मांडली होती: फळाची इच्छा धरणाऱ्याचा बराच वेळ फळाच्या चिंतनात जातो, आणि फळ सोडणाऱ्याचे सगळे लक्ष कामाला मिळते. हे खरे असेल तर ज्याचे मानधन ठरलेलेच नाही त्याची स्थिती पाहावी. देतील का, किती देतील, विचारावे तर कसे विचारावे, हे काम चालू असतानाही त्याच्या मनात घोळत राहते. म्हणजे फळाचे चिंतन त्यालाच अधिक. दर ठरला, तारीख ठरली, अर्धी रक्कम हाती आली की फळाचा विषय संपतो आणि मन कामात उतरते. निष्काम होण्याची निदान बाहेरची सोय तरी स्पष्ट करारच करून देतो.

तुकोबांचे उदाहरण याच्या उलट दिले जाईल. वाण्याचा व्यवसाय आणि सावकारी घरात असलेल्या तुकोबांनी कर्जाची खते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. तीच परंपरा असेही सांगते की त्यांनी आधी खतांचे दोन भाग केले, धाकट्या भावाचा भाग त्याच्या हाती दिला आणि फक्त आपला भाग सोडून दिला. या कथेचा अर्थ नीट पाहिला तर तो माझ्याच बाजूचा ठरतो. सोडून देता यावे म्हणून आधी खत लिहिलेले असावे लागते, त्यातले आपले किती हे ठरलेले असावे लागते, आणि जे दुसऱ्याचे आहे ते सोडण्याचा हक्क आपल्याला नसतो. एखाद्या गावातल्या वाचनालयाचे काम चित्रकाराला विनामूल्य करायचे असेल तर इन्व्हॉइसमध्ये पूर्ण किंमत लिहून खाली शंभर टक्के सूट दाखवावी. त्यामुळे वाचनालयाला आपल्याला काय मिळाले ते कळते, पुढच्या चित्रकाराचा दर पडत नाही, आणि चित्रकाराचे देणे हे खरोखर देणे ठरते. मोल न सांगता दिलेले काम दान आहे की उधारी, हे दोघांनाही कळत नाही.

दुसरा आक्षेप प्रतिष्ठेचा. कांटने १७८५ च्या नीतिविषयक ग्रंथात म्हटले की प्रत्येक गोष्टीला एक तर किंमत असते किंवा प्रतिष्ठा. जिच्या जागी बरोबरीची दुसरी वस्तू ठेवता येते तिला किंमत, आणि माणसाला प्रतिष्ठा. फ्रीलान्सरचे काम तर त्याच्या स्वतःपासून वेगळे काढता येत नाही. मग कामाला दर लावणे म्हणजे स्वतःलाच दर लावणे नाही का? इथेच ‘स्कोप’ या रुक्ष वाटणाऱ्या शब्दाचे मोल कळते. इतक्या पानांचा अनुवाद, दुरुस्तीच्या दोन फेऱ्या, अमुक तारीख, एवढे लिहिले की काय विकले ते ठरते, आणि जे लिहिलेले नाही ते सगळे न विकलेले राहते. माणसाची रात्र, त्याचा रविवार, त्याची मते, त्याचे गप्प राहणे यांपैकी काहीही त्या कागदावर नसते. स्कोप हे कुंपण आहे, आणि आत काय आहे यापेक्षा बाहेर काय राहिले यासाठी ते घालायचे असते. ते नसेल तर ‘जरा एवढं बदलून द्या’ म्हणत काम पसरत जाते आणि कामाबरोबर माणूसही खर्ची पडतो. कायद्याचा अनुभवही हेच सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क सोपवायचे तर ते लेखी आणि सहीनिशी सोपवावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतेच हक्क गेले असे मानतात. पण पैसे देऊन काढून घेतलेले छायाचित्र किंवा व्यक्तिचित्र असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिली मालकी पैसे देणाऱ्याची. म्हणजे एकाच पुस्तिकेसाठी स्वतंत्रपणे काम करणारे लेखक आणि छायाचित्रकार दोघेही गप्प राहिले, तर मजकूर लेखकाचा राहतो आणि छायाचित्र दुसऱ्याचे होते. गप्प राहणे हाही एक करारच असतो. त्याच्या अटी फक्त आपण लिहिलेल्या नसतात.

आता दुसऱ्या प्रकारचे शब्द. ज्याच्याकडून काम मिळू शकेल असा माणूस म्हणजे लीड. पुष्कळांनी आत येऊन थोड्यांनी खरेदीपर्यंत पोचण्याची वाट म्हणजे फनेल. पाहणाऱ्याचे घेणाऱ्यात रूपांतर झाले की ते कन्व्हर्जन. या शब्दांत आणि आधीच्या शब्दांत एक फरक ठळक आहे. कोटेशन, स्कोप, ॲडव्हान्स हे क्लायंटच्या समोर उच्चारायचे शब्द आहेत. तो नसेल तर त्यांना अर्थच उरत नाही. लीड आणि फनेल हे त्याच्या पाठीमागे उच्चारले जातात. कांटनेच १७९५ च्या शांततेवरील निबंधात एक कसोटी दिली आहे: दुसऱ्यांच्या हक्कांशी संबंध असलेल्या कृतीमागचे धोरण उघड केल्यावर टिकत नसेल, तर ती कृती अन्यायाची. फ्रीलान्सरने ती रोज वापरावी. मी हे का करतो आहे ते क्लायंटला सांगितले, तर ते तसेच चालेल का? कुणाला माझा उपयोग होईल हे शोधतो आहे, असे सांगितल्याने काही बिघडत नाही. मी काय करतो आणि काय करत नाही हे ठरवून जाहीर करतो, यानेही नाही. पण ‘फक्त आजच’ किंवा ‘शेवटच्या दोन जागा’ असे लिहायचे आणि जागा कितीही असायच्या, हे सांगितल्या क्षणी कोसळते. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या रचनांच्या १३ प्रकारांची यादी काढली. तिच्यात पहिला प्रकार खोट्या घाईचाच आहे. पण हा विचार त्या यादीहून फार जुना आहे. बौद्धांच्या पाली मज्झिमनिकायातल्या एका सुत्तात मिथ्या आजीविकेची लक्षणे येतात: ढोंग, गोडगोड बोलून पटवणे, आडून सुचवणे, दुसऱ्याला हिणवणे आणि एका लाभाच्या जोरावर दुसरा लाभ ओढणे. हा उपदेश भिक्षूंना आहे, तरी आजच्या जाहिरातीचा निम्मा अभ्यासक्रम त्यात ओळखू येतो. त्यात निषिद्ध ठरवले आहे ते म्हणजे बोलण्याने समोरच्याला आपल्या सोयीने वळवणे.

यावर कुणी म्हणेल की प्रत्येक व्यवसायाची आतली भाषा असते. डॉक्टरही रुग्णासमोर सगळे शब्द बोलत नाहीत. खरे आहे. पण डॉक्टरचा शब्द रुग्णाला समजावून सांगितला म्हणून औषध लागू पडायचे थांबत नाही. खोट्या घाईचे रहस्य समजावले की ती लागू पडत नाही. शब्द आतला असण्यात दोष नाही. ज्याचे बळच समोरच्याच्या अज्ञानावर उभे आहे, त्यात दोष आहे. सिसेरोने ‘कर्तव्यांविषयी’ या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात असेच उदाहरण दिले आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे, एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन पोचतो, आणि मागून आणखी जहाजे येत आहेत हे त्याला ठाऊक आहे. त्याने ते सांगावे का? यावर सिसेरो दोन तत्त्वज्ञांची मते देतो. बॅबिलोनचा डायोजेनिस म्हणतो, खोटे बोलू नये, पण सगळे सांगण्याचे बंधन नाही. अँटिपेटर म्हणतो, सांगायलाच हवे. सिसेरो अँटिपेटरच्या बाजूने उभा राहतो. तुमच्या कामाला माझी गरज नाही, तयार टेम्प्लेट पुरेल, हे क्लायंटला सांगणारा फ्रीलान्सर एक काम गमावतो, पण अँटिपेटरची बाजू पाळतो. आणि पर्सनल ब्रँडबद्दल बोलायचे तर, टॉम पीटर्स यांच्या १९९७ च्या गाजलेल्या लेखाने माणसाने स्वतःलाच ब्रँड समजावे असा आग्रह धरला, तिथे स्कोपने वाचवलेले सारे पुन्हा बाजारात येते. कामाची ख्याती होऊ द्यावी. माणूस मात्र विक्रीच्या बाहेर राहावा.

शेवटचा आक्षेप सर्वांत खरा आहे. स्पष्ट बोलणे प्रस्थापितांना परवडते. नवख्याने ॲडव्हान्स मागितला तर काम दुसऱ्याकडे जाते. नीती अशी विषम परिस्थितीत एकट्या दुर्बळाच्या खांद्यावर टाकता येत नाही, हे मान्यच केले पाहिजे. म्हणूनच कायदा लागतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार नोंदणी केलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात आणि ती मुदत ४५ दिवसांपुढे नेता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. एकटा फ्रीलान्सरही आपली उद्यम नोंदणी करू शकतो. पण काम केव्हा स्वीकारले आणि काय ठरले होते, हे दाखवायला तिथेही कागदच लागतो. म्हणून हे कर्तव्य तिघांत वाटले गेले पाहिजे. नवख्याने निदान ठरलेले सगळे एका ईमेलमध्ये लिहून पाठवावे. प्रस्थापिताने स्पष्ट अटींचाच आग्रह धरावा, कारण त्याच्या सवयीतूनच पुढच्यांसाठी रीत पडते. आणि काम देणाऱ्याने, मग ती कंपनी असो, संपादक असो वा संमेलनाचा आयोजक, आकडा आपणहून आधी सांगावा. ज्याच्या हाती पैसा आहे त्याने समोरच्याला विचारण्याच्या अवघडपणातून सोडवणे हे त्याचेच काम. बाजाराचे शब्द शिकण्यात लाज नाही. त्यांतले जे समोरासमोर बोलता येतात ते मोकळ्या आवाजात बोलावेत, आणि जे बोलता येत नाहीत त्यांवर आपली उपजीविका उभी करू नये.